मुखरूभाऊची खारीक

गोंडपिपरीच्या डॉक्टरनं भजे बंद केले, ते मुखरूभाऊनं मर्दासारखं सोसलं. पण भज्यांच्या जागी रोज चार वाजता खारीक, मनुका आणि सुकं अंजीर खायचं म्हटल्यावर तो खुर्चीवरून अर्धा उठला.

"डॉक्टरसाहेब, ते तं बाळंतिनीचं खानं हाय जी."

डॉक्टर बाहेरगावचा होता. त्यानं "पुढचा पेशंट" म्हटलं.

मुखरूभाऊच्या गावात खारकेचा रस्ता ठरलेला होता. दुकानातून निघाली की ती बाळंतिणीच्या लाडवात जाऊनच थांबायची. या घरात ती शेवटची आली मुलाच्या, धनराजच्या जन्माला, आणि तेव्हाही मुखरूभाऊनं तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. पोळ्याला बैलांपुढे छाती काढून चालणारा माणूस. त्यानं आता चारचौघांत मनुका चघळायच्या?

शेवटी त्यानं सुनेला, दिव्यानीला, बैलांच्या कोठ्यामागे बोलावलं. धनराज कामासाठी ऊर्जानगरला राहायचा, सुट्टीला गावी यायचा. घरचा बाजारहाट दिव्यानीच करायची.

"पोरी, तू घेऊन ये. पन कोनाले सांगू नोको. तुह्या सासूलेही नाई."

"नाई सांगत, मामाजी."

दिव्यानी शब्दाची पक्की होती. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

दुकानदारानं खारीक तोलली आणि मान वर न करता विचारलं, "डिंक किती देऊ?" मागे गल्लीतली रुखमाबाई हिंग घ्यायला उभी होती. रुखमाबाईनं काहीच विचारलं नाही. तिला ओळखणाऱ्या माणसानं एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं होतं.

इकडे मुखरूभाऊ रोज चार वाजता कोठ्यात बैलांकडे तोंड करून खाऊ लागला. खारीक आधी दगडासारखी लागली, मग दाढेखाली हळूहळू गोड होत गेली. ती आपल्याला आवडते आहे, हा त्याला बसलेला पहिला धक्का.

दुसरा त्याच आठवड्यात बसला. बंडीचा खिसा भरून तो कोठ्याबाहेर आला, तर अंगणात बायाच बाया. पुढे नारळ घेऊन रुखमाबाई. ओसरीवर त्याची बायको धुरपता डोळ्याला पदर लावून बसलेली.

"माह्या घरची गोष्ट मले गावानं सांगावी?" धुरपता म्हणाली.

"कोनती गोष्ट?"

"घ्या," रुखमाबाई म्हणाली. "सून पोटुशी हाय, आन् हे बैलं पाहून राह्यले."

दिवस गेल्याचं उघड व्हायच्या आत गुपचूप भरतात ती चोरओटी. ती भरायला अख्खी गल्ली आली होती.

पोरीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सणवाराला बाया विषय काढायच्या आणि दिव्यानी घागर उचलून नळावर जायची, नळाला पाणी नसलं तरी. आता ती दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे पाहत होती. रागानं नाही. दिलेला शब्द कधी परत मिळतो, एवढंच ती पाहत होती.

रुखमाबाईनं तिचा हात धरला. "ये वो पोरी, लाजून काय राह्यली?"

"तसं काही नाई, रुखमाबाई."

"नाई कसं? मंग घरात खारीक कोन खाऊन राह्यलं?"

दिव्यानीनं मान खाली घातली. आपल्या खारकेपायी ही पोर साऱ्या गल्लीसमोर ते 'नाही' पुन्हा एकदा एकटीनं सोसणार, हे मुखरूभाऊला कळलं. त्यानं खिशात हात घातला, एक खारीक काढली आणि तोंडात टाकली. खारीक काही पटकन चावली जात नाही. बाया थांबल्या.

"मी," तो म्हणाला.

धुरपताचं रडणं जागच्या जागी थांबलं. मागच्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला, तो तसाच राहिला.

"तुमी?" धुरपता म्हणाली.

"डॉक्टरनं सांगतलं. रोज खातो. मनुकाही खातो." इज्जत जातेच आहे तर पुरी जाऊ द्यावी, असा त्यानं विचार केला. "बाळंतिनीवानी चोरून खातो. पोरीले मीच म्हनलं, सांगू नोको."

रुखमाबाईनं त्याला पागोट्यापासून खाली न्याहाळलं आणि नजर पोटावर थांबवली. खरं सांगायचं तर पोट तिच्याच बाजूनं साक्ष देत होतं.

"कितवा लागला, मुखरूभाऊ?"

कुणी हसलं नाही. रुखमाबाईचा चेहरा हसण्याजोगा नव्हता.

"वटीचा नारळ घरातून निंगाला का वापस जात नसते," ती म्हणाली. "धरा दुपट्टा."

मुखरूभाऊनं आशेनं बायकोकडे पाहिलं. धुरपता डोळे पुसून सुपातले तांदूळ ओंजळीत घेत होती. माणसानं कुणाकडे दाद मागावी? त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून पुढे पसरला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. दिव्यानी पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि ते तिला आवरत नव्हतं.

"थांबा, मामाजी," ती कशीबशी म्हणाली, "उभ्यानं वटी भरत नाईत. पाट आनतो."