हट्ट्याच्या वाटेवरचा वास

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. कुरुंद्यात सोनाजीरावांच्या घरामागे, हळद साठवायच्या शेडला लागून माझी जागा आहे. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. मनकर्णाबाईंनी, म्हणजे सोनाजीरावांच्या घरधनिणीनं, माझ्या कपाळावर घरच्या हळदीची बोटं ओढली, तिथपासूनचं मात्र सगळं आठवतं.

मी बियाण्याच्या पिशव्या वाहिल्या, लग्नाची वऱ्हाडं नेली, आजाऱ्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात पोहोचवलं. पण माझी आवडती वाट एकच, हट्ट्याची. तिथं मनकर्णाबाईंची थोरली बहीण पारुबाई राहायची. तिचे कान गेलेले, म्हणून फोनवर बोलणं होत नसे. मनकर्णाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना एसटीची पायरी चढवत नसे. मग दोघींच्या भेटी माझ्यावरच अवलंबून. आम्ही तिथून निघालो की पारुबाई दारात येऊन मला थोपटायची, जसं काही मीच तिच्या बहिणीला सांभाळून परत नेणार होते.

गेल्या पावसाळ्यात माझं काहीतरी बिनसलं. उभ्या जागी माझं अंग थरथरू लागलं. सायलेन्सरमधून पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला आणि तो खिडकीतून आत शिरायचा. मनकर्णाबाईंचं डोकं धरायचं.

"अवं, गाडीला वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या.

"पेट्रोलची गाडी हाय. पेट्रोलचाच वास यील न! तुझंच नाक नाजूक."

सोनाजीरावांनी आरशाला अत्तराची बाटली टांगली. दोन वास एकत्र झाले आणि तकलीफ वाढली. मग त्यांनी टाकीचं झाकण बदललं. तरी वास होताच. हट्ट्याला निघालो, तर वसमत यायच्या आतच मनकर्णाबाईंना उतरावं लागलं. बाभळीला धरून त्या ओकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "फिरवा गाडी. माह्याच्यानं होत न्हाई."

त्यानंतर मी नुसती उभी राहिले. काचांवर हळदीची धूळ बसली. दिवाळी आली आणि गेली. मनकर्णाबाई कधी कधी येऊन माझं दार उघडायच्या, सीटवरून हात फिरवायच्या आणि न बसताच परत जायच्या. मित्रांनो, चाकं असून जाता येत नाही, हे दुःख फार वाईट.

एक दिवस मला विकत घ्यायला एक माणूस आला. त्यानं माझ्याभोवती फेरी मारली. मनकर्णाबाई ओट्यावरून उठल्या.

"गाडी इकली तर मला अक्का कोण दाखविल?"

सोनाजीरावांनी त्या माणसाला चहा पाजून लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मला वसमतला मोहनसिंग मिस्त्रीकडे नेलं.

मोहनसिंगनं मला शेडबाहेर मोकळ्या हवेत उभं केलं, कारण हा धूर कोंडला तर माणसाला घातक. मी सुरू झाले, तसा तो मागे जाऊन उभा राहिला.

"मामा, पेट्रोल जळूनच न्हाई राहिलं. कच्चं बाहेर येऊन राहिलं. चुलीत लाकूड घातलं अन् पेटलंच न्हाई, तसं."

मग त्यानं बॉनेट उघडलं. रबरी मुठीच्या पकडीनं, पेट्रोलला ठिणगी देणाऱ्या प्लगची एक वायर काढली. मी जोरात हादरले. ती लावून दुसरी काढली, तेव्हाही हादरले. तिसरी काढली आणि माझ्या आवाजात काहीच फरक पडला नाही.

"हा बघा, हाच प्लग मेलेला हाय."

त्या वायरीचं कातडं उंदरानं कुरतडलं होतं. ठिणगी प्लगपर्यंत पोहोचतच नव्हती. प्लग काढला तर पेट्रोलनं ओला. मोहनसिंगनं नवी वायर आणि नवा प्लग बसवला, हवेची जाळीही झटकली. त्यातून पिवळी धूळ उडाली.

मी सुरू झाले आणि माझी थरथर थांबली! सोनाजीराव सायलेन्सरजवळ वाकून हुंगत राहिले. तो उग्र वास गेला होता.

"तिचं नाक बराबर व्हतं," ते हळूच म्हणाले. "म्याच ऐकलं न्हाई."

मग घरून मनकर्णाबाईंना घेऊन आम्ही हट्ट्याला निघालो. वसमत मागं पडेपर्यंत मनकर्णाबाईंनी पदर नाकाला धरला होता. मग त्यांनी तो सोडला आणि खिडकीला डोकं टेकवलं.

पारुबाई अंगणात बाजेवर होती. खूप वाळली होती. ती उठली नाही.

"आता काहून आलीस? मला वाटलं, माह्यावर रुसलीस."

मनकर्णाबाई तिच्या कानाशी ओरडल्या, "गाडी बिघडली व्हती, अक्का! गाडी!"

"गाडीच व्हती व्हय? अन् म्या मेली इचार करून राहिले, की काय बोलून गेले म्हून माही बहीण येईना."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला बाहेर उभं राहून सगळं ऐकू येत होतं. एवढीशी एक वायर, आणि तिच्यापायी ती बिचारी इतके दिवस स्वतःलाच दोष देत बसली होती.

हिवाळाभर आम्ही जात राहिलो. उन्हाळा लागला आणि पारुबाई गेली.

आता परभणीला जाताना हट्टा गाव लागलं, की मनकर्णाबाई खिडकीशी सरकून बाहेर बघतात. सोनाजीराव न सांगता माझा वेग कमी करतात. मलाही अजून तिकडेच वळावंसं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्राला वास आला, आवाज आला, तर तो झाकू नका, त्याचं कारण शोधा. ते नुसतं यंत्र नसतं. त्याच्या वाटेच्या टोकाला कुणीतरी बाजेवर बसून तुमची वाट पाहत असतं.