बांधावरची माणसं

"झाडं नाहीत ती, रूपाली. आमची माणसं आहेत," दगडूतात्या म्हणाले आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

लालबागच्या चाळीतली ही गावकीची खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावची माणसं इथे पाळीपाळीने झोपायची. आता रविवारी मुंबईकर मंडळाची सभा भरते. रूपाली भिंतीला टेकून उभी होती. परळला वाढलेली, इंजिनिअर झालेली गावची नात. मंडळानेच तिला हौसेने गावचं धरण बघायला पाठवलं होतं, आणि ती परत आल्यापासून मंडळ तिच्यावर फुगून होतं.

कोपऱ्यात बसलेला गुणाजी नुसता ऐकत होता. मसाला कांडायच्या डंकनवरून तो तसाच आला होता. मिरचीने त्याचे डोळे बारा महिने लाल असत, त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय हे कुणी त्याच्या डोळ्यांत शोधत नसे.

गावच्या ओढ्यावर, म्हणजे व्हाळावर, मातीचं लहानसं धरण आहे. मुंबईत कुणी गेलं, की इथे अग्नी द्यायचा आणि तिथे धरणाच्या बांधावर त्याच्या नावाचं रोप लावायचं, असा मंडळाचा रिवाज. जन्मभर गावी जाऊ जाऊ म्हणत चाळीत म्हातारा झालेला जीव निदान झाड होऊन तरी घराकडे पोचावा. रोपं नेण्याचं काम गुणाजीचं. एसटीत मांडीवर घेऊन, तान्ह्या पोराला पदराआड धरावं तसं पिशवीआड धरून न्यायचा. बायको गेली तेव्हा सुगंधाच्या नावाची बकुळही त्याने अशीच नेली होती.

"आजोबा, मातीचा बांध आहे," रूपाली पुन्हा सांगू लागली. "मुळं आतून वाट करतात. एखादं मूळ कुजलं की पोकळ नळी उरते. पाणी ती नळी धरतं. आत्ता तळं खाली गेलंय. मुळं खणून काढली, माती भरून नीट दाबली, तर बांध वाचेल. पाऊस लागला की हातसुद्धा लावता येणार नाही."

"सरकारी माणसं बघतील ना मग!" तात्या म्हणाले.

"ती म्हणतात, आधी गावाने झाडं काढावीत. गाव म्हणतं, मुंबईकरांना विचारा. आणि तुम्ही—"

"आमचे आईबाप तोडायला निघाली बघा ही!" सतरंजीवरचा रघू म्हणाला. "कॉलेजात असताना झाडं वाचवा म्हणून बोंबलत फिरायची!"

खोली हसली. गुणाजीने घसा साफ केला.

"तात्या, काल मालनचा फोन होता."

मालन त्याची धाकटी बहीण. तिचं घर बांधाच्या अगदी खाली, खालच्या वाडीत.

"पायथ्याला पाणी झिरपतंय. इतके दिवस नितळ होतं. आता गढूळ येतं म्हणते."

रूपाली ताठ झाली. "गढूळ? काका, म्हणजे आतली माती वाहतेय."

"मालन लहानपणापासून घाबरट," तात्या म्हणाले. "बेडूक बघून पळायची. असं करू, देवाला कौल लावू. देवाने सांगितलं तर काढू."

"देऊळ टेकडीवर आहे, तात्या," गुणाजी म्हणाला. "मालनचं घर खाली आहे."

तेवढ्यात चहा आला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. कप हातात घेतल्यावर तात्यांचा आवाज उतरला.

"गुणा, माझी आई आहे रे तिथे. यंदा फणस बुंध्यापासून लगडलाय. तिला कुऱ्हाड लावू?"

गुणाजीच्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. तात्या, आईला तू मुंबईला आणलंस तेव्हा ती जिन्यात बसून रडली होती. खालच्या वाडीत पोरंबाळं आहेत. सुगंधा माझी कुणी नव्हती काय? पण तात्यांनी कप तोंडाला न लावताच खाली ठेवला होता. त्याने चहाबरोबर सगळं गिळलं. चहा कडू लागला.

शेवटी ठरलं, ज्याने त्याने आपापल्या झाडाचं बघावं. सभा संपली.

गॅलरीत रूपालीने त्याला गाठलं. "काका, एकदोन काढून उपयोग नाही. सगळी निघायला हवीत."

"कळतं गं बाय. मग काय करू? तू सांग."

गुणाजीने तिथेच फोन लावला.

"मालन, आपली बकुळ काढ. मुळासकट."

"वयनीचा झाड?" मालन ओरडली. "तुका येड लागला काय? माझ्या हातान पाणी घालून वाढवलंय ता!"

"काढ. माती भर आणि दाबून बसव. तुझो दादा सांगता."

तिने फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डंकनवर असताना तिचा फोन आला. मसाल्याचे दिवस, पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. "शेठ, जरा बंद करा," तो म्हणाला. "काय ओ काका, आता माझाच नंबर होता!" पहिली बाई करवादली. डंके थांबले.

"काढला," मालन म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मूळ पार पाण्यापर्यंत गेलला. खड्ड्यात हात घातलंय, तर आतसून वला. आता माती भरतो हाव. वाडीतल्यो सगळ्यो बायको चोपणी घेऊन इल्यो. ऐक."

तिने फोन खाली धरला. धप. धप. अंगण चोपायच्या लाकडांनी बायका माती बसवत होत्या. गुणाजी कानाला फोन दाबून ऐकत राहिला.

"दादा, बाजूकच तात्याच्या आवशीचो फणस. तेची मुळा आपल्या खड्ड्यात इली हत. तोडू काय?"

"आपल्या खड्ड्यातली तोड."

"आणि भायरची?"

रांगेतल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. शेठचा हात बटणावर होता.

"दादा? भायरची?"

तिकडे बायका थांबल्या नव्हत्या. एवढ्या लांब बांधावर एका झाडापुरती जागा घट्ट होत चालली होती.