मालनबाईची गाठ

वाटूरच्या शिवारात मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता. हिरव्या जाळीखाली कांताबाई आणि मालनबाई शेजारशेजारच्या ओळींत क्रॉसिंग करायच्या. कळीतले नर, म्हणजे पुंकेसर, चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, देठाला लाल दोरा बांधायचा. कांताबाईंचा हात गावात नावाजलेला. पण दोन वर्षांपासून तो हात त्यांचा राहिला नव्हता. बोटं कापसात गुंडाळल्यासारखी, माणसांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं. मे महिन्यातसुद्धा त्या अंगावर शाल घेऊन बसत, आणि जाळीतून झिरपणारा हिरवा उजेड बघता बघता दुपार कुठे जायची ते कळत नसे.

थायरॉईडची गोळी चालू होती. दर तपासणीत आकडा नीटच यायचा.

"रिपोर्ट तर बराबर हाय," नवरा बद्रीनाथ म्हणायचा. रागानं नव्हे, गोंधळून.

"रिपोर्टचं बराबर आसंल. माझं न्हाई."

एके सकाळी ओळीतून फिरताना त्या थबकल्या. त्यांच्या निम्म्या झाडांवरच्या दोऱ्याची गाठ त्यांची नव्हती. त्या एकच फास ओढत. इथे दुहेरी गाठ होती.

"मालन, ह्या तू बांधल्यास?"

मालनबाईनं मान वर केली नाही. "तू कळी हातात धरून तशीच हुभी ऱ्हायचीस. हाक मारली तरी ओ न्हाई. मंग मीच करून घ्यायचे."

"कवापासून?"

"झाले की चार महिने."

कांताबाई बांधावर बसल्या. रडू आलं, तेही उशिरा, लांबून चालत आल्यासारखं. मालनबाईनं कामाचे हात धुतले आणि म्हणाली, "उद्या जालन्याला जाऊ. मोठ्या डॉक्टरीनबाईकडं."

जालन्याच्या डॉक्टर सुमेधा यांनी आकड्याआधी दिवस कसा जातो ते विचारलं. गोळी कधी घेता? चहाबरोबर. त्यांनी ती उपाशीपोटी घ्यायला लावली, रक्त, बी-बारा तपासलं, जे कमी होतं ते भरून काढलं. तीन महिन्यांनी अंगात थोडी धग आली, पण डोक्यातलं धुकं हललं नाही. तेव्हा त्यांनी हृदयाचा ईसीजी काढून बघितला आणि म्हणाल्या, "आता जुनी गोळी थोडी कमी करू, आणि दुसरी अगदी बारीक, दिवसातून दोनदा देऊ. थायरॉईडचं दुसरं हार्मोन आहे ते. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. तीन महिने बघू, नाही मानवलं तर बंद. छाती धडधडली तर लगेच फोन करा."

पाचव्या दिवशी छाती धडधडली. जाळीखाली बसल्या बसल्या काळीज पाखरासारखं फडफडू लागलं. मालनबाईनं तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून तपासलं आणि बारीक गोळी निम्मी केली. बद्रीनाथ रोज दुपारी दोनला बांधावरून हाळी द्यायचा, "कांता, गोळी!"

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एकदा जाळीबाहेर कोणीतरी चुलीवर भाकरी टाकली आणि तिचा वास कांताबाईंपर्यंत सरळ आला, मध्ये काही न लागता. आणखी काही दिवसांनी कळीचा देठ बोटांना लागू लागला. सगळं गेलं नव्हतं. संध्याकाळी पाय अजून जड व्हायचे, काही शब्द अजून तोंडाशी येऊन परत जायचे.

"पुरतं बरं न्हाई," त्यांनी तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांना सांगितलं. "पन मी हाय आता."

"मग चालू ठेवू," डॉक्टर म्हणाल्या. "तपासणी मात्र चुकवायची नाही."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून कांताबाईंचा डोळा लागला. बाहेर उसाच्या रानांवर पिवळं ऊन उतरलं होतं. वाटूर आलं तसं मालनबाईनं खांदा हलवला.

"उठ गं, उतरायचंय."

कांताबाई डोळे चोळत हसल्या. "सपान पडलं, मालन. किती वर्सांनी पडलं."

"काय व्हतं त्यात?"

"याद न्हाई. लई लोक व्हते, आन् मी सगळ्यांस्नी ओळखत व्हते."