माझी बारीक वायर आणि सुप्रियाची किल्ली

मित्रांनो, जरा टेबलाखाली वाका. झाडू आणि कागदाचं रिकामं खोकं यांच्या मध्ये एक काळा, जड डबा दिसतोय ना? तो मी. मी एक जुना यूपीएस आहे. वीज गेली की वरचा कॉम्प्युटर वीस मिनिटं तरी माझ्या पोटातल्या बॅटरीवर जगतो. वर्षातून एकदा माझ्यावर फडकं फिरतं, तेही वरवर. पण मी काही तक्रार करायला तुम्हाला बोलावलेलं नाही. माझ्याकडून एक भयंकर गोष्ट घडली, ती सांगायची आहे.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तपासणीत पास झालो, खोक्यात बसलो आणि टेंपोतून हादरे खात कर्जतला आलो. तिथून मकसूदभाईंनी मला स्कूटरच्या पुढ्यात ठेवून कडावला आणलं. नाक्यावर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कुणाचं आधार कार्ड, कुणाचा सातबारा, कुणाच्या पोरीचा कॉलेजचा प्रवेश, सगळं इथंच होतं. टायपिंगला सुप्रिया बसायची. हात असा चालायचा तिचा, की म्हाताऱ्या बायका नुसत्या बघत राहायच्या.

आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. तारेवर फांदी पडली, गेली. वारं सुटलं, गेली. पहिल्यांदा मी कॉम्प्युटर वाचवला तेव्हा सुप्रिया केवढ्यानं ओरडली होती! "भाई, फॉर्म वाचला! नायतर पुन्यांदा सगळा भरायला लागला असता!" मी फुशारून गेलो. खोटं कशाला बोलू, आजही ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. संध्याकाळी सुप्रिया कॉम्प्युटर पूर्ण बंद करत नसे, हायबरनेट करत असे. म्हणजे गाढ झोप. अर्धवट भरलेले फॉर्म पोटात ठेवून तो झोपतो आणि सकाळी उठवला की तिथूनच काम सुरू. हे भाईंनीच सांगितलेलं. पासवर्डही त्यांनीच ठेवू दिला नव्हता. म्हणायचे, "कुलूप दाराला हाय ना? मग झालं." दाराच्या किल्ल्या दोन. एक भाईंकडे, ते सकाळी कर्जतहून येऊन उघडायचे. दुसरी सुप्रियाकडे, ती दिवेलागणीला बंद करून शेजारच्या वाडीत आईकडे जायची.

दोन वर्षं सुखात गेली. मग गणपतीच्या आधी भाईंनी खण आवरायला काढले आणि त्यांना माझ्या खोक्यातली एक बारीक वायर सापडली. ती कधी कुणी लावलीच नव्हती. भाईंचा स्वभाव असा, की बिस्किटाच्या पुड्याचं रबरसुद्धा ते फेकणार नाहीत. "कंपनीनं दिलीय म्हणजे उगाच दिलीय काय? नवी कोरी वायर पडून ऱ्हायली!" असं म्हणत ते टेबलाखाली आले आणि वायरीचं एक टोक माझ्या पाठीत, दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसून मोकळे झाले.

अहो, काय सांगू तुम्हाला! त्या दिवशी मला जीभ फुटली. तोवर मला नुसतं टूं टूं करता यायचं. आता वीज गेली की मी कॉम्प्युटरच्या थेट कानात सांगायला लागलो, "वीज गेली! बॅटरीवर आहोत!" आली की, "आली रे आली!" दुकान उघडं असो, बंद असो, मी एकही बातमी चुकवली नाही. इमानदारी म्हणजे काय ते माझ्याकडून शिकावं, असं मला वाटायचं.

आणि त्याच आठवड्यात दुकानात आक्रीत घडलं. सकाळी भाईंनी शटर वर केलं तर कॉम्प्युटर चालू! पंखा गरगरतोय, पडद्यावर कुणाचं तरी आधार कार्ड उघडं.

"सुप्रिया, काल बंद नाय केलास?"

"केला ना भाई. झोपवूनच गेले."

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. भाईंचा चेहरा उतरत चालला. लोकांचे कागद होते ते, विश्वासानं दिलेले. दुकान बंद झाल्यावर इथं कोण येतं आणि ते कागद कशाला उघडतं, या विचारानं त्यांना जेवण जाईना. किल्ल्या दोनच होत्या. संशय कुणावर जाणार? मला ठाऊक होतं, पोरगी रोज झोपवून जाते. हा कॉम्प्युटरच आगाऊ, याला झोप म्हणून लागत नाही, असं म्हणत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. मी, मित्रांनो! मी त्याला शिव्या घालायचो!

एका सोमवारी, बाजारातली सात-आठ माणसं दुकानात उभी असताना, भाई म्हणाले, "किल्ली दे सुप्रिया."

"का भाई?"

"दे म्हणतो ना. लोकांची कागदं हायत. उद्या काय झालं तर माझं तोंड काळं व्हायचं."

सुप्रियानं ओढणीच्या गाठीतली किल्ली सोडली आणि काउंटरवर ठेवली. तिचे पाय मला खालून दिसत होते. ते वळून परत खुर्चीशी आले. संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी पोचली, की सुप्रिया कागदं चोरून विकते. दुसऱ्या दिवशी तिची आई सोनुबाई दारात येऊन उभी राहिली. "भाई, माज्या पोरीनं दुसऱ्याच्या झाडाचा आंबा बी उचलला नाय कदी. तुमी तिला चोर ठरीवलात?" भाई खाली मान घालून म्हणाले, "मी चोर नाय म्हटलं, मावशी." पण ती चोर नाही, असंही ते म्हणाले नाहीत. आणि नेमका त्या आठवड्यात कॉम्प्युटर रोज सकाळी झोपलेलाच सापडला, रात्रीची वीजही एकदा गेली नव्हती.

सुप्रियानं काम सोडायचं ठरवलं. एवढंच म्हणाली, "खंडेनवमीची पूजा करते आणि जाते. ज्याच्यावर दोन वर्षं पोट भरलं त्याला हात न जोडता कशी जाऊ?" दरवर्षी ती पूजा तिचीच. भाई स्वतः झेंडू आणून द्यायचे.

नवमीला सकाळी सुप्रिया आली, सोनुबाई आली. भाईंची धाकटी बहीण तस्लीम खोपोलीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करते, तिलाही सुट्टी होती म्हणून ती आली. आमच्याकडे या दिवशी घराघरांत विळे-कोयते पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नसतं. म्हणून कॉम्प्युटर आदल्या दिवशीपासून झोपलेला. त्याला हार घातला, झेरॉक्स मशीनला घातला, माझ्या डोक्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं. सुप्रियानं उदबत्ती लावली आणि हात जोडले. सोनुबाईनं जोडले. भाई अन् तस्लीम दाराशी उभे.

तेवढ्यात वारं सुटलं आणि पंखा थांबला. वीज गेली. मी नेहमीप्रमाणे इमानानं ओरडलो, टूं! आणि बारीक वायरीतून सांगितलं, "वीज गेली!"

खर्रर्र करून कॉम्प्युटर जागा झाला. हारातून पडदा उजळला आणि सुप्रियानं काल अर्धवट सोडलेला फॉर्म सगळ्यांसमोर उघडला.

"अगं बाय गं!" सोनुबाई किंचाळली. उदबत्तीची राख सुप्रियाच्या हातावर पडली, तरी तिनं हात हलवला नाही. मग सोनुबाई भाईंकडे वळली. "भाई, बगा! डोळं उघडून बगा! माजी पोर हात जोडून उभी हाय!"

तस्लीम मात्र वाकून टेबलाखाली आली, थेट माझ्यासमोर. "भाईजान, ही बारीक वायर कुणी लावली?"

भाई पुटपुटले, "मीच. खोक्यात पडून होती."

"आज मशीनला शिवायचं नसतं गं," सोनुबाई म्हणाली.

"आई, आज शिवू दे," सुप्रिया म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वीज आल्यावर तस्लीमनं कॉम्प्युटर झोपवला आणि माझा प्लग भिंतीतून उपटला. मी ओरडलो, कॉम्प्युटर उठला. तिनं पुन्हा झोपवला, बारीक वायर काढली, प्लग उपटला. मी टूं टूं करून घसा कोरडा केला. तो ढिम्म.

"हा यूपीएस उठवतोय त्याला," ती म्हणाली. "वीज गेली की दर वेळी."

मी? मी! मित्रांनो, मला पाय नाहीत, नाहीतर पायाखालची जमीनच सरकली असती. ज्या इमानाचा मी एवढा तोरा मिरवला, त्याच इमानानं मी एका गरीब पोरीच्या तोंडाला काळं फासलं होतं. डोक्यावरचं झेंडूचं फूल मला निखाऱ्यासारखं वाटायला लागलं. ते कुणीतरी काढावं म्हणून मी तडफडत होतो, आणि कुणाचं लक्षही नव्हतं.

तस्लीमनं वायर परत लावली आणि सेटिंगमध्ये माझं नाव शोधलं. तिथं लिहिलेलं होतं, या यंत्राला कॉम्प्युटर जागा करू द्यावा. त्यापुढची बरोबरची खूण तिनं काढून टाकली. एवढंच होतं ते. एका खुणेपायी एवढं रामायण!

भाईंनी खिशातून किल्ली काढली आणि सुप्रियापुढे धरली. "घे बाय. चुकलो मी."

सुप्रियानं हात पुढे केला नाही. "भाई, किल्ली तुमी बाजाराच्या दिवशी मागितलीत. सात-आठ माणसं होती. मी मोजली होती."

एवढं बोलून ती आईला घेऊन निघून गेली. भाईंनी किल्ली परत खिशात ठेवली.

पुढच्या सोमवारी भाई वाडीवर जाऊन दोघी मायलेकींना ऐन बाजाराच्या गर्दीत दुकानात घेऊन आले. काउंटरपुढे उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "ऐका सगळे. कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा तो मी लावलेल्या वायरीनं. पोरीची काय चूक नव्हती. चोर म्हणायचं तर मला म्हणा, मी हिचं नाव चोरलं." आणि किल्ली सोनुबाईच्या हातात दिली. सोनुबाईनं ती उलटसुलट करून बघितली, लेकीच्या ओढणीला स्वतः गाठ मारली आणि म्हणाली, "बस आता. लोकं खोळंबलीत."

मित्रांनो, आता माझी बॅटरी थकली आहे. वीस मिनिटांची सात झाली. मला बदला, पुसा, कचऱ्यात टाकू नका, जिथं जुन्या बॅटऱ्या घेतात तिथं द्या, हे सगळं सांगायचंच आहे. पण त्याआधी एक विनवणी. घरात, दुकानात काही विपरीत घडलं तर समोरच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा, आपण स्वतः काय खुपसून ठेवलंय ते. वीज गेली की मी अजूनही ओरडतो, पण झोपलेल्याला उठवत नाही. आणि दिवेलागणीला सुप्रिया कुलूप लावते, त्याचा आवाज आला की मग मीसुद्धा निवांत होतो.