आठव्या पानावरची सालेहा

एसटीनं लोहा गाव मागं टाकलं तशी मुबश्शिरा सीटवर चुळबुळ करू लागली. पुढं माळेगाव येणार होतं आणि शेजारच्या सीटवर सालेहा फुफी, अब्बांची बहीण, बसली होती.

फुफीनं यायचं मुळात ठरलंच नव्हतं. लातूरला कॉमिक्सच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. जोडीनं भाग घ्यायचा, एकानं लिहायचं, एकानं चित्रं काढायची. मुबश्शिरा नांदेडात शिकवणीला पोरं घ्यायची आणि उरल्या वेळात लिहायची. तिचा चित्रकार सर्वेश लातूरचा, ओळख सगळी फोनवरची. "एकटीनं जायचं न्हाई," असं अब्बा म्हणाले आणि फुफीनं तिथल्या तिथं बुरखा चढवला. "मी जाते हिच्यासंगं. बघू तरी काय लिहिती पोरगी."

पोरीनं लिहिलं होतं फुफीबद्दलच.

फुफी तरुणपणी माळेगावच्या जत्रेत मौत का कुआमध्ये मोटारसायकल चालवायची. उभ्या लाकडी भिंतीवर गाडी गरागरा फिरायची आणि माणसं वरून कठड्याला ओणवून बघायची. एकच हंगाम चाललं हे. मग अब्बांनी भर खेळात तिला मनगटाला धरून ओढून आणलं. अम्मीनं हे एकदाच, दबक्या आवाजात सांगितलं होतं. मुबश्शिरानं त्याची आठ पानं केली, फुफीला न विचारता. वर सर्वेशला तिचा जुना फोटोही पाठवला, आणि त्यानं चेहरा असा काढला की मोहल्ल्यातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

परीक्षकांतल्या प्रेमलाबाईंनी स्पर्धकांसाठी फोनवरच एक वर्ग घेतला होता. "महाकाव्य पाठवू नका," त्या म्हणाल्या होत्या. "एक माणूस, एक अडचण आणि शेवट, बस. चित्रात दिसतंय ते शब्दांत पुन्हा सांगू नका. आणि तुमचा माणूस जे करतो ते का करतो, हे ठाऊक नसेल तर हात थांबवा, जाऊन विचारा. नाहीतर शेवटच्या पानावर पकडले जाल." मुबश्शिरानं बाकीचं सगळं पाळलं होतं. विचारायचं तेवढं टाळलं होतं.

माळेगाव आलं. फुफी खिडकीबाहेर बघत राहिली, गाव मागं पडेपर्यंत.

लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर मुबश्शिराला राहवेना. "फुफी, तू हॉलात येऊ नको."

"का गं?"

"पडद्यावर तूच हायस."

कँटीनच्या बाकावर बसून फुफीनं मोबाईलवर एकेक पान बोटांनी मोठं करून पाहिलं. मुबश्शिराला तिच्या तोंडाकडं बघवेना. आठव्या पानावर फुफी थांबली. पुरुषाची मूठ, मुठीत पोरीचं मनगट, पोरीच्या डोळ्यांत पाणी.

"हा कोण?"

"अब्बा."

"आणि ही रडून राहिली ती मी?"

मुबश्शिरानं मान डोलावली.

"तुझा बाप वर कठड्याला उभा राहून टाळ्या वाजवून राहिला होता," फुफी म्हणाली. "भिंतीच्या फळ्या हलत होत्या. मालकाला सकाळपासून सांगून राहिले होते मी. म्हणला, पब्लिक आलंय, चालव. मी गाडी खाली आणली, बंद केली, दार उघडलं आन् चालत बाहेर आले. लोकांनी लई शिव्या घातल्या. मला कुणी उतरवलं न्हाई, मुबू. मी उतरले."

"मग अम्मीनं अब्बांनी ओढून आणलं असं का सांगितलं?"

"माझं लगीन ठरत होतं. भावानं ओढून आणली म्हणलं की घर इज्जतदार. पोरगी आपल्या मर्जीनं गेली, आपल्या मर्जीनं आली, हे सासरी कोण ऐकून घेणार? भाईजानच म्हणला, माझं नाव सांगा."

ही पानं लिहायला घेतल्यापासून ती अब्बांशी धड बोललीही नव्हती.

"हे दाखवायचं न्हाई," फुफी उठली.

"न्हाई दाखवत."

हॉलच्या फाटकाशी सर्वेश वाट बघत होता. ऐकलं आणि तो भडकलाच. "वेड लागलंय का तुला? रात्रंदिवस बसून काढलीत मी ही पानं! आधी विचारता येत नव्हतं?"

आतून पहिल्या जोडीचं नाव पुकारलं गेलं.

फुफी त्याच्याकडं निरखून बघत होती. "सात पानं बराबर हायत," ती अचानक म्हणाली. "गाडी तर झकास काढलीस. आठवं बदल."

"काकू, आत्ता? आमचा नंबर येतोय!"

"मग बोलत का उभा राहिलास?"

सर्वेश पायऱ्यांवरच बसला, टॅब मांडीवर घेतला. आतून टाळ्या आल्या, दुसरं नाव पुकारलं गेलं. रेघा भराभर उमटत होत्या, पुसल्या जात होत्या. दार कुठल्या बाजूला? गाडी कुठं लावली? फुफी हातानं दाखवत होती. मुबश्शिरानं जीव लावून लिहिलेली आठव्या पानावरची सगळी वाक्यं काढून टाकली. एकही उरलं नाही.

"चेहरा कसा करू?" सर्वेशनं विचारलं.

फुफीनं विचार केला. "राग. आन् भीती बी. होती भीती."

त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सर्वेश शेवटची सावली भरत होता.

पडद्यावर आठवं पान आलं आणि उमाशंकर नावाच्या परीक्षकांनी हात वर केला. "थांबा. तुम्ही पाठवलेलं पान हे नव्हे."

मुबश्शिरा पुढं सरकली. "ते मी मनानं रचलं होतं, सर. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारलं नव्हतं. आज विचारलं."

"बदललेलं पान धरता येणार नाही. गुण सातच पानांचे मिळतील. गोष्ट अपुरी ठरेल."

तिनं सर्वेशकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"चालेल, सर."

प्रेमलाबाई मात्र पडद्याकडंच बघत होत्या. "दारातून निघताना ही मान वर करून बघते. कुणाकडे?"

हे मुबश्शिराला ठाऊक नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं. तिनं शेवटच्या रांगेत बसलेल्या फुफीकडं पाहिलं.

"भावाकडं," फुफी बसल्या जागेवरून म्हणाली. सगळ्या माना मागं वळल्या. तिनं नकाब वर केला. "टाळ्या वाजवायचा थांबला का, ते बघत होते. थांबला न्हवता."

बक्षीस उदगीरच्या जोडीला गेलं. यांचं नाव कुठंच आलं नाही. सर्वेशनं टॅब पिशवीत भरला. मग म्हणाला, "आठवं पान घाईत झालंय. पुन्हा काढतो. माझ्यासाठी."

बाहेर येऊन मुबश्शिरानं घरी फोन लावला, स्पीकरवर. "अब्बा, नंबर न्हाई आला."

"असू दे. लिहिलं काय होतंस ते तरी सांग आता."

तिनं फुफीकडं पाहिलं. फुफीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि ती भिंतीच्या सावलीला सरकली.

"भाईजान, उभे असाल तर बसा," ती म्हणाली. "मी सांगते."