एक मतपत्रिका जास्त निघाली

मित्रांनो, न्यू हॅम्पशायर राज्यातील पर्ली कॉर्नर गावच्या सभागृहात निवडणुकीच्या दिवशी टेबलावर जी मेपलच्या लाकडाची जुनी पेटी दिसते, तीच मी. माझा जन्म शवपेट्या करणाऱ्या एका सुताराच्या हातून झाला, म्हणूनच माझे झाकण इतके घट्ट बसते. त्यापूर्वी या गावात मते टोपीत गोळा करीत असत, आणि टोपीत माणसांपेक्षा मते अधिक निघत असत. तात्पर्य, माझी उत्पत्तीच संशयातून झाली आहे.

माझ्या अंगाला एक पितळी दांडा आहे. तो फिरवला की मतपत्रिका आत ओढली जाते, घंटा एकदा वाजते आणि पुढच्या बाजूचा आकडा एका अंकाने सरकतो. निवडणुकीच्या आदल्या दिवशी मला मेण लावून पुसतात आणि बायाबापड्या कौतुकाने म्हणतात, "अशी पेटी आता होणे नाही." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कपाटात, बर्फ काढायच्या फावड्यांखाली. या वागणुकीने मनुष्यजातीवरील माझा विश्वास वाढलेला नाही.

आता एका सप्टेंबरमधील प्राथमिक निवडणुकीची हकिकत सांगते. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षाचे लोक त्या दिवशी आपसात मत देऊन ठरवतात. आमच्या गावात दुसऱ्या पक्षाला उमेदवारच मिळत नाही, तेव्हा खरा निकाल याच दिवशी लागतो. परंतु जे कोणत्याच पक्षाचे नाहीत, त्यांनाही कायद्याने हे मत देता येते. ते मतपत्रिका घेताना पक्षाचे होतात आणि जाताना एका कार्डावर सही करून पुन्हा कोणाचेच नसतात. खरे सांगू? मला ही मंडळी कधीच आवडली नाहीत. पाहुणा जेवून गेल्यावर चमचे मोजावेत, तशी मी त्यांच्यामागे आपला आकडा तपासून पाहत असे.

माझा दांडा सव्वीस वर्षे ऑरिन टास्कर फिरवीत होता. तो निवडणुकीचा प्रमुख, आणि पक्षाचा जुना कार्यकर्ताही. त्या दिवशी शाळेची बस चालवणारी हेस्टर व्हिटम आत आली. तिच्या बसच्या वाटेवरील पूल दुरुस्त करायचा की पाडायचा, यावरून दोन उमेदवारांत वाद होता, म्हणून ती प्रथमच या मतदानाला आली होती.

आमच्याकडे रीत अशी की, मतदाराने यादीपुढे उभे राहून आपले नाव व पत्ता मोठ्याने सांगायचा, मग यादी सांभाळणाऱ्या लेटिस वार्नीबाई नावावर लाल रेघ ओढतात. हेस्टरने खणखणीत आवाजात नाव सांगितले.

"आली का एका दिवसाची पाहुणी!" ऑरिन म्हणाला. "सकाळी आमची, दुपारी कुणाचीच नाही."

"तुझ्या पक्षात पाच मिनिटं काढते आहे ना, ऑरिन? तेवढीही जड जातात बघ."

"घडी उलगड. दोन चिकटल्यात का बघू दे."

"बघ बाबा. चष्मा देऊ?"

मित्रांनो, मीही तिच्या बोटांकडे टक लावून पाहिले. घंटा एकदाच वाजली. तरी माझे मन म्हणाले, हिने काहीतरी केले आहे.

सायंकाळी सात वाजता दार बंद झाले. माझा आकडा होता एकशे सत्याहत्तर. यादीवर लाल रेघा निघाल्या एकशे शहात्तर. पुन्हा मोजले, तेच. मते मोजण्यास मदत करण्यासाठी हेस्टर तेथेच थांबली होती. सर्वांच्या माना तिच्याकडे वळल्या; तिची घंटा एकदाच वाजली होती, हे कोणालाच आठवले नाही.

"मी म्हणालो नव्हतो?" ऑरिन म्हणाला. "दोन टाकल्या हिने. मी राज्याकडे तक्रार लिहितो."

हेस्टरचा चेहरा उतरला. "अरे, अशी तक्रार गेली तर उद्या बसची किल्ली काढून घेतील माझ्याकडून. चोर म्हणून नाव लागलेल्या बाईच्या हाती कोण पोरं देईल?"

"ते आधी सुचायला हवं होतं."

लेटिसबाई म्हणाल्या, "थांब रे. रेघ नसलेली नावं वाचते. यातलं कुणी आज दिसलं असेल तर सांगा."

त्या वाचू लागल्या. हा आजारी, ती मुलीकडे गेलेली, तो वारला. मग वाचले, "टास्कर, ऑरिन." आणि त्या थबकल्या.

सकाळी दार उघडण्यापूर्वी लेटिसबाईंनी ऑरिनला कॉफीच्या कपासोबतच मतपत्रिका दिली होती. ती त्याने माझ्यात टाकली; नाव कोणी विचारले नव्हते. आपल्या ऑरिनला काय नाव विचारायचे!

हेस्टर सावकाश उठली. "नाव सांगा, साहेब. मोठ्याने. पत्ताही सांगा."

ऑरिनचे कान लाल झाले. "ऑरिन टास्कर," तो पुटपुटला. "गिरणीचा रस्ता."

"ऐकू नाही आलं."

त्याने पुन्हा सांगितले. लेटिसबाईंनी रेघ ओढली. तक्रारीचा कागद ऑरिनने घडी करून खिशात घातला, फाडला मात्र नाही.

"तुझ्यावरचा संशय अजून गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"माझाही तुझ्यावरचा नाही. पुढच्या वेळीही मोजायला थांबणार आहे मी."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला फार लाज वाटते. त्याची घंटाही माझ्याच पोटात वाजली होती. माणूस ओळखीचा, हात नेहमीचा, म्हणून मी यादीकडे पाहिलेदेखील नाही. अनोळखी बोटांवर मात्र डोळे रोखून बसले.

आता माझ्या जागी विजेचे यंत्र येणार आहे, असे ऐकते. त्याची निगा राखा, पण त्याची भीड बाळगू नका. पहिले मत पडण्यापूर्वी झाकण उघडायला लावा, वाकून तळापर्यंत पाहा, आणि शेजारी जो कोणी उभा असेल, पक्षाचा असो वा नसो, त्यालाही पाहू द्या.