तीन घाव आणि सात अंक

माझा भाचा एका रेड्याशी नऊ वर्षं लढत होता. रेडा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

पटत नसेल तर आमच्या शिवणकामाच्या दुकानात या आणि कापणीचं टेबल बघा. त्याच्या लाकडात भाच्याच्या कोपरांनी दोन खळगे पाडलेत. त्यातल्या एकात मी बटणं ठेवतो. नऊ वर्षांत त्या टेबलावर कापड म्हणून पडलं नाही. वर त्याचा कॉम्प्युटर, खाली वायरींचं जंजाळ, मध्ये तो स्वतः. सूनबाई, म्हणजे त्याची बायको, जमिनीवर कापड पसरून गुडघ्यांवर रांगत कोट बेतायची. मी कोपऱ्यात काजं करायचो. पाटीवर नाव मात्र भाच्याचं.

झालं असं, की नऊ वर्षांपूर्वी एका कंपनीनं ‘भस्मयुग’ नावाच्या ऑनलाइन गेमची घोषणा केली. आपला एक योद्धा घडवायचा, त्याला तलवार द्यायची आणि जगभरच्या लाखो रिकामटेकड्यांच्या जोडीनं राक्षस मारत सुटायचं. घोषणेबरोबर दोन मिनिटांचा ट्रेलर आला. त्यात एक योद्धा किल्ल्याच्या दारातल्या राखेच्या रेड्यावर तलवार चालवतो. बस्स, एवढंच. नंतर दरवर्षी कंपनीचं पत्र यायचं: आम्हाला दर्जाशी तडजोड करायची नाही, म्हणून गेम पुढच्या वर्षी.

पत्र वाचून भाच्याला भरून यायचं. “बघा मामा, याला म्हणतात निष्ठा!”

शाळेच्या मोठ्या बाई आठ महिने आपल्या कोटासाठी खेटे घालत होत्या, त्यांनाही त्यानं हेच ऐकवलं. “दर्जाशी तडजोड नको, बाई.” तोवर कोटाला एकच बाही लागली होती. थंडी पडली तशा बाई तो एका बाहीचाच घालून गेल्या आणि दुसऱ्या हाताला मफलर गुंडाळून प्रार्थनेला उभ्या राहिल्या. आठवड्याभरात निम्म्या शाळेनं एका हाताला मफलर गुंडाळला. मोठ्या बाईंची फॅशन आहे असं पोरांना वाटलं.

आता मूळ घोळ ऐका. ट्रेलर आला त्या दिवशी सूनबाई इस्त्री करत होती. आमच्या दुकानाच्या वायरिंगचं एक दुखणं आहे. इस्त्री तापायला लागली, की भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीचा हिरवा दिवा विझतो आणि सात अंक मोजेपर्यंत विझलेला राहतो. मग आपोआप लागतो. योद्ध्यानं रेड्यावर तीन घाव घातले, इकडे इस्त्री तापली, दिवा विझला आणि पडद्यावर योद्धा तलवार उगारून पुतळ्यासारखा थिजला. सात अंकांनी दिवा लागला, योद्धा हलला, चौथा घाव बसला.

भाचा पडद्यासमोर मोबाइल धरून हे सगळं टिपून घेत होता. पुढे नऊ वर्षं तो स्वतःचं तेच चित्रण बघत राहिला.

त्याच संध्याकाळी त्यानं ‘सेनापती’ या नावानं जगाला कळवलं, की भस्मयुगाचं मर्म मला सापडलं आहे. तीन घाव, मग सात अंकांचा विराम. या विरामात योद्धा दम गोळा करतो. बाकीचे खेळ पोरांचे, हा खेळ संयमाचा!

लोकांनी लिहिलं, आमच्याकडे योद्धा थांबत नाही हो. सेनापतींनी उत्तर दिलं, तुमची नजर तयार नाही.

नजर तयार नाही म्हटल्यावर कोण कबूल करेल? आठवड्याभरात हजारो लोकांना विराम दिसायला लागला. काहींना तर साडेसात अंकांचा दिसला. त्यांचा वेगळा पंथ निघाला, दोन्ही पंथांत आईबहिणीवरून शिव्याशाप झाले. भाच्यानं सहाशे चाळीस पानांची मार्गदर्शिका लिहिली. कुठलं चिलखत घातलं की विरामात खांदा किती अंश कलतो, याची कोष्टकं काढली. तीन घाव न घालता दोनच घालून बाजूला पळणाऱ्यासाठी वेगळं प्रकरण होतं. त्याचं शीर्षक होतं ‘भेकड’.

मला हिरवा दिवा रोज दिसायचा. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

तिकडे कंपनीत काय घडलं म्हणता? नऊ वर्षांत त्यांच्याकडे ट्रेलरशिवाय काहीच तयार नव्हतं! गेम आतून कसा चालायला हवा याची त्यांना आपल्याइतकीच कल्पना. त्यांनी भाच्याची मार्गदर्शिका वाचली, तोंडात बोटं घातली आणि पानापानावरून गेम बनवून टाकला. मग सेनापतींना आमंत्रण आलं. गेमची चाचणी, म्हणजे बीटा, तीन दिवस चालणार होती, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

भाचा टेबलावर चढून नाचला. सूनबाईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि हातातली कात्री खाली ठेवली.

“अहो सेनापती, खाली उतरा. आपण एक ठरवू या.”

“बोल.”

“तीन दिवसांत तो रेडा मेला, तर टेबल तुमचं. मी जन्मभर जमिनीवर रांगेन, तोंडातून शब्द काढणार नाही. नाही मेला, तर टेबल माझं. आणि तुम्ही इस्त्रीला उभं राहायचं.”

“तीन दिवस?” भाचा हसला. “अगं, पहिल्या चहाच्या आत मारतो. रेड्याची कुंडली आहे माझ्याकडे.”

“मामा, तुम्ही साक्षीला.”

“मी काजांना बसलोय,” मी म्हणालो, “तसाच साक्षीलाही बसतो.”

पहिल्या दिवशी भाच्यानं फर्मान काढलं, दुकानात आवाज नको. सूनबाईनं इस्त्रीला हात लावला नाही, मुकाट बाई कापत बसली. बाई म्हणजे कोटाची बाही, गैरसमज नको. मोठ्या बाई खुर्चीत धडधाकट बसल्या होत्या. बाही हातात पडल्याशिवाय उठणार नाही म्हणून डबा घेऊनच आल्या होत्या.

दहा वाजता किल्ल्याचं दार आलं. दारात रेडा. चार लाख लोक भाच्याचा खेळ थेट बघत होते. भाच्यानं तीन घाव घातले. योद्धा थांबला. तंतोतंत, मार्गदर्शिकेतल्या कोष्टकाप्रमाणे. भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एक... दोन... तीन...” तो मोजू लागला.

रेड्यानं मार्गदर्शिका वाचली नव्हती. चौथ्या अंकाला त्यानं योद्ध्याला शिंगावर घेतलं, सहाव्याला तुडवलं आणि सातव्याला वर बसला.

दिवसभरात भाचा एकशे बारा वेळा तुडवला गेला. जगभर तेच चाललं होतं. संध्याकाळपर्यंत एकच बोंब उठली, की हा विराम कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला? दुसऱ्या दिवशी कंपनीनं नम्रपणे खुलासा केला. विराम सेनापतींच्या प्रेरणेनं ठेवला आहे, त्यांचे शतशः आभार.

मग जे बोलणं भाच्याला ऐकावं लागलं, ते इथं लिहिलं तर कागद करपेल. पण गडी बधला नाही. चार लाख लोकांसमोर ताठ बसून म्हणाला, “विराम बरोबर आहे. रेडा चुकीचा आहे.”

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांच्यातली शिक्षिका उसळून आली होती.

“मी विचारते, तीनच घाव का घालता? दोन घाला, बाजूला व्हा, परत दोन घाला. थांबायची वेळच येणार नाही. माझ्या चौथीतल्या पोराला कळेल हे.”

“बाई, ते भेकडांचं काम आहे.”

“मग बसा शूरासारखे रेड्याखाली!”

“अहो, ऐका की त्यांचं,” सूनबाई म्हणाली. “घाला दोन-दोन, घ्या टेबल. माझी काही हरकत नाही.”

भाचा पेचात सापडला. दोन-दोन घालावेत तर सहाशे चाळीस पानं पाण्यात. तीन घालावेत तर टेबल हातचं गेलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना त्यानं हळूच थेट प्रक्षेपण बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवू लागलो.

त्यानं दोन घाव घातले, बाजूला झाला. पुन्हा दोन, पुन्हा बाजूला. रेडा हेलपाटू लागला. पावणेसहाशे किलोचं ते जनावर गुडघ्यांवर आलं! मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या. दोन घाव आणखी, की खेळ खलास.

सूनबाईची बाही तेव्हाच शिवून झाली होती. तीन दिवसांत प्रथमच तिनं इस्त्री लावली.

भाच्यानं एक घाव घातला, दुसरा घातला. पण रेड्याच्या अंगात एखाद्या घावापुरता जीव उरला होता, आणि नऊ वर्षांची सवय बोटांत. आपोआप तिसरा घाव पडला, तोही हवेत. योद्धा थिजला. त्याच क्षणी इस्त्री तापली, डबीचा दिवा विझला आणि रेडाही शिंगं उगारून थिजला.

“एक... दोन...” भाचा मोजू लागला. मोजता मोजता त्याची मान वर झाली. आधी विझलेल्या दिव्याकडे, मग इस्त्रीकडे. “...सहा... सात.”

दिवा लागला. रेडा योद्ध्यावर बसला. सहा वाजले.

भाच्यानं डबीकडे बोट दाखवलं.

“मामा, हा दिवा असा कधीपासून विझतो?”

“तू टेबलावर बसलास त्याच्या आधीपासून.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“तू म्हणायचास, नजर तयार पाहिजे. माझी पडली काजांवरची.”

सूनबाई आधी हसली नाही. ट्रेलरच्या दिवशी ती सेनापतींचीच पँट इस्त्री करत होती ते तिला आठवलं, आणि मग हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली.

भाचा खरं ते सांगून टाकायला बसला. ‘मित्रहो’ एवढं लिहिलंही. तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं. चाचणीतल्या तक्रारींचा गांभीर्यानं विचार झाला आहे. सेनापतींच्या मताप्रमाणे विराम कायम ठेवून रेडा काढून टाकण्यात येत आहे. त्यामुळे गेम पुढच्या वर्षी.

भाच्यानं ‘मित्रहो’ पुसलं.

पण टेबल गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सूनबाईनं कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला. तिनं टेबलावर कापड पसरलं, त्यावरून हात फिरवला आणि नऊ वर्षांनी उभ्यानं खडू ओढला. भाच्याच्या हातात इस्त्री दिली.

“ती बाही तेवढी नीट दाबून घ्या. बाई ताटकळल्यात.”

भाचा शहाण्यासारखा कामाला लागला. इस्त्री बाहीवरून एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मग तिथंच ठेवून ताठ उभा राहिला.

जळका वास माझ्यापर्यंत आला. मोठ्या बाईंनी मफलर शोधायला सुरुवात केली.

“अहो! उचला ना ती इस्त्री!”

“ओरडू नकोस,” भाचा म्हणाला, “अजून दोन अंक राहिलेत.”